ब्लाऊजचं माप वेगळं, ब्राचं माप वेगळं



लातूरची गंजगोलाई असो, नांदेडचं वजिराबाद असो, की आपल्या गावचा आठवडी बाजार. साडी घेताना आपण काठ चाचपतो, पदर उलगडतो, दहा साड्या बघतो. ब्रा घ्यायची वेळ आली की मात्र खाली मान घालून “छत्तीस द्या” म्हणतो आणि पुडी पिशवीत टाकतो. हा छत्तीस आला कुठून? बऱ्याचदा तो ब्लाऊजच्या छातीचा आकडा असतो. तिथंच चुकतं.

ब्लाऊजची छाती स्तनांवरून मोजतात. ब्राचा नंबर ठरतो स्तनांच्या खालच्या मापावरून. ब्लाऊजच्या नंबरानं घेतलेली ब्रा पाठीत सैल पडली, की आपण खांद्याचे पट्टे आवळतो. दिवसभर खुरपणीला वाकलं की तेच पट्टे रुततात, वळ उठतात. खरं तर भार पाठीच्या पट्टीनं पेलायचा असतो, खांद्यानं नाही.

माप कसं घ्यायचं?

गटातल्या शिलाईवाल्या ताईचा टेप मागून घ्या. टेप नसेल तर दोरा गुंडाळा, खूण करा आणि तो पट्टीवर मोजा. पाळीच्या आधी स्तन जड होतात, म्हणून पाळी संपल्यावर मोजा.

१. स्तनांच्या अगदी खाली टेप गुंडाळा. पाठीवर तो सरळ राहू द्या. श्वास सोडून, अंगाला घट्ट बसेल असं मोजा. जवळचा पूर्ण इंच धरा.

२. माप २८, ३०, ३२ असं सम आलं तर ४ मिळवा. २९, ३१, ३३ असं विषम आलं तर ५ मिळवा. हा तुमचा नंबर.

३. आता स्तनांच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून, न आवळता मोजा.

४. या मापातून नंबर वजा करा. १ इंच उरला तर कप ए, २ उरले तर बी, ३ तर सी, ४ तर डी.

उदाहरण बघा

खालचं माप ३०. त्यात ४ मिळवले, नंबर ३४. वरचं माप ३६. ३६ वजा ३४ म्हणजे २, कप बी. ही ताई ब्लाऊजवरून ३६ मागायची. तिला हवी होती ३४ बी.

घालून तपासा

नवी ब्रा सगळ्यात सैल हुकावर लावा. पुढं ती ढिली झाली की आतले हुक कामी येतात. पट्टीखाली दोन बोटं जावीत. हात वर केल्यावर पट्टी वर सरकली तर नंबर लहान घ्या. स्तन कपाबाहेर येत असेल तर कप मोठा घ्या, कपाला सुरकुत्या पडत असतील तर लहान. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो. बाळंतपणानंतर, अंगावर पाजताना किंवा वजन बदलल्यावर पुन्हा मोजा.

मोजताना एक गोष्ट आणखी बघा. गाठ लागली, कातडीला खळी पडली, बोंड नव्यानं आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त आलं, तर लपवू नका. दुखत नाही म्हणून थांबूही नका. लगेच आरोग्य केंद्रात दाखवा.

माप आपल्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. दुकानात बोलायला लाज वाटली तर नंबर लिहिलेली चिठ्ठी पुढं करा. पैसे आपले आहेत, अंगही आपलंच आहे. मग माप दुसऱ्याच्या अंदाजानं कशाला?