ज्वर गेला, व्याधी राहिली

शास्त्रपाठ : लूक १३:१०-१७

'चिकुनगुन्या' हा शब्द आज आपल्या घरोघरी ठाऊक आहे. परंतु तो कोणत्या भाषेतला, हे फार थोड्यांना माहीत असेल. १९५२-५३ साली आजच्या टांझानियाच्या दक्षिण भागात या तापाची साथ आली. तेथील माकोंडे लोकांच्या भाषेतला हा शब्द. वेदनेने माणूस वाकून जातो, असा त्याचा भाव. भारतात कोलकाता (१९६३), चेन्नई (१९६४) व सोलापूर जिल्ह्यातील बार्शी (१९७३) येथे त्याच्या साथी येऊन गेल्या. पुढे तीन दशके तो जवळजवळ विस्मृतीत गेला. २००५ च्या अखेरीस तो परतला, आणि २००६ या एका वर्षात देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली.

हा ताप बहुधा आठवड्याभरात उतरतो. पुष्कळांचे सांधेही काही आठवड्यांत मोकळे होतात. परंतु काहींच्या, विशेषतः वयस्कांच्या, बोटांत, मनगटांत, घोट्यांत ते दुखणे महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे ठाण मांडून बसते. सकाळी मूठ मिटत नाही. ओले लुगडे पिळता येत नाही. प्रभुभोजनाच्या वेळी गुडघे टेकले, तर उठायला दुसऱ्याचा हात लागतो.

लूक ज्या स्त्रीविषयी सांगतो ती अठरा वर्षे अशीच वाकलेली होती. (तिचा रोग कोणता, हे आपण ठरवू नये.) तिच्या वर्णनात ग्रीक मुळात 'पूर्णपणे' अशा अर्थाचा एक शब्दप्रयोग आहे. नव्या करारात तो दोनदाच येतो. दुसऱ्यांदा इब्री ७:२५ मध्ये. तो 'शक्ती' याकडे जोडला, तर तिला मुळीच सरळ होता येत नसे, असा अर्थ निघतो. 'सरळ होणे' याकडे जोडला, तर तिला पुरते सरळ होता येत नसे, असा. व्याकरण दोहोंनाही वाव देते, आणि भाषांतरकाराला एक निवडावा लागतो.

दुसऱ्या अर्थावर आपण थोडे थांबावे, असे मला वाटते. ज्याला मुळीच उठता येत नाही त्याच्यावर सारे दया करतात. ज्याला थोडेसे जमते त्याच्यावर संशय घेतात. काल बाजारात दिसली, मग आज उपासनेला का नाही? ताप जाऊन सहा महिने झाले, अजून कसले दुखणे? आणि आपल्या ख्रिस्ती घरांत आणखी एक प्रश्न हळूच येतो : विश्वास कमी पडला का?

प्रभूने हा प्रश्न तिला विचारला नाही. तिने काही मागितलेही नव्हते. त्याने तिला पाहिले आणि जवळ बोलावले. सैतानाने तिला बांधले होते, असे तो म्हणतो खरे. पण हा दोष तो सैतानावर ठेवतो, तिच्यावर नव्हे. तिला तो अब्राहामाची कन्या म्हणतो. रागावला तो सभास्थानाचा अधिकारी. इतर सहा दिवस असताना आजच बरे होण्यास का यावे, ही त्याची तक्रार. दुखणाइतांमुळे उपासनेची शिस्त मोडते, असे मानणारे अधिकारी आपल्यातही आहेत.

ती त्याच दिवशी सरळ झाली. सर्वांचे असे होत नाही. पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी असतानाच मागे ठेवले (२ तीम. ४:२०), आणि त्याच्या विश्वासाविषयी एक शब्दही उणा काढला नाही.

प्रार्थना करावी, आणि वैद्यही गाठावा. सूज तीन महिन्यांवर टिकली, तर सांध्यांच्या डॉक्टरांना अवश्य दाखवावे. कारण हे दुखणे आमवातासारखे दिसू शकते, आणि आमवाताचे उपचार वेगळे आहेत. शेजाऱ्याने सुचवलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. हालचाल बेताने वाढवावी.

पाळकांना व वडीलजनांना एक विनंती. आपल्या भेटी बहुधा ताप असेपर्यंत चालतात व नंतर थांबतात. चौथ्या महिन्यात जावे. उपासनेत गीतासाठी उभे राहण्यास सांगताना, ज्यांना शक्य नाही त्यांनी बसून गावे, हेही मोठ्याने सांगावे. सतरंजीवर बसणाऱ्या मंडळीत भिंतीलगत चार खुर्च्या ठेवाव्यात. आणि त्या अगदी मागे नकोत.