साठवलेल्या जुन्या इंजिन ऑइलचा नमुना

प्रश्न : वर्षानुवर्षे पडून असलेल्या पिंपातून तपासणीसाठी तेल कसे काढावे?

उत्तर : पडून राहिलेल्या तेलात पाणी व गाळ तळाशी बसतो, नुसते वरचे तेल पाठवल्यास अहवाल फसवा येतो. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या पिंपांत धोका अधिक, कारण वर साचलेले पावसाचे पाणी तापमानाच्या चढउतारामुळे बुचातून आत ओढले जाते. म्हणून पीप हलवण्याआधी बुचाभोवतीचा भाग पुसून, स्वच्छ कोरडी नळी वरचे तोंड बोटाने दाबून तळापर्यंत सोडावी, तेथेच बोट काढून व पुन्हा दाबून तळाचे तेल वेगळे घ्यावे. नंतर पीप नीट घोळवून दुसरा नमुना घ्यावा. बाटली तीन चतुर्थांशच भरावी, म्हणजे प्रयोगशाळेत ती हलवता येते. ग्रेड, बॅच क्रमांक व उत्पादनाची तारीख लिहावी. त्याच ग्रेडच्या ताज्या तेलाचा नमुना सोबत देणे सर्वांत मोलाचे. 100 अंश सेल्सिअसची श्यानता, पाणी व ॲडिटिव्हचे प्रमाण त्याच्याशीच ताडता येते.