खाण तशी माती?

शिराळा हे सांगली जिल्ह्यातील मोरणा नदीच्या काठचे गाव. ‘बत्तीस शिराळा’ या नावानेही ते ओळखले जाते. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात जे अकरा मारुती स्थापन केले, त्यांपैकी एक येथे आहे. मारुती ही बलाची देवता. म्हणून महाराष्ट्रात जेथे तालीम, तेथे मारुती, अशी जुनी रीत आहे.

अशा एखाद्या तालमीच्या दाराशी सकाळी उभे राहिले, तर एक नवल दृष्टीस पडते. एक मुलगा चार महिने जोर-बैठका काढतो आणि त्याचे दंड भरून येतात. दुसरा तितकीच मेहनत करतो, तितकेच दूध पितो. पण अंगाने काटकुळाच राहतो. तिसरा पहिल्यापासूनच गुटगुटीत असतो. तो इतरांहून जास्त खातो असेही नाही; तरी सोबती त्याला नावे ठेवतात. थट्टेला कंटाळून तो हळूहळू तालमीत येणेच सोडून देतो.

या तिघांकडे पाहून कोणी म्हणतो, “खाण तशी माती! बाप तसा बेटा. त्याला इलाज नाही.” दुसरा म्हणतो, “छे! प्रयत्नांती परमेश्वर. ज्याने त्याने आपले शरीर आपण घडवावे.” दोन्ही म्हणी जुन्या आहेत आणि दोन्ही लोकांच्या तोंडी आहेत. मग यांतली खरी कोणती?

आईवडिलांकडून मुलांकडे जे गुण जन्मतःच येतात, त्यांना आनुवंशिक गुण म्हणतात. डोळ्यांचा रंग, केसांची ठेवण, उंची यांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. अंगलटीचेही तसेच आहे काय, हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी जुळ्या भावंडांची मदत घेतली. एकसारखी दिसणारी जुळी भावंडे एकाच बीजातून वाढलेली असतात. त्यामुळे त्यांची आनुवंशिकता जवळजवळ एकच असते.

कॅनडा देशात अशा तरुण जुळ्या भावांच्या बारा जोड्यांवर एक प्रयोग झाला. त्याची हकिकत १९९० साली प्रसिद्ध झाली. शंभर दिवसांपैकी चौऱ्याऐंशी दिवस प्रत्येकाला त्याच्या गरजेपेक्षा रोज एक हजार उष्मांक जास्त मिळतील असा आहार दिला. सर्वांना जादा अन्न सारखेच मिळाले. तेव्हा वजनही सारखेच वाढावयास हवे होते. पण तसे झाले नाही. कोणाचे वजन चार किलोग्रॅमच्या आसपास वाढले, तर कोणाचे तेरा किलोग्रॅमपर्यंत! विशेष हे, की जुळ्या भावाभावांतला फरक थोडा होता. निरनिराळ्या जोड्यांतला फरक त्याच्या सुमारे तिप्पट होता. खाल्लेले अन्न कोणाच्या अंगी किती लागावे, यात जन्माबरोबर आलेल्या देणगीचा हात असतो, हे यावरून दिसून आले.

एवढेच नव्हे, तर हालचालीची हौसही माणसामाणसांत सारखी नसते. अमेरिकेतील संशोधकांनी सोळा जणांना आठ आठवडे असाच जादा आहार दिला. तो प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. काही जण नकळत अधिक हालचाल करू लागले. ते सारखे उठत, बसत, चुळबुळ करीत. त्यांच्या अंगावर चरबी फारच थोडी चढली. व्यायामाची आवडही काही अंशी उपजत असते, असे जुळ्यांच्या इतर अभ्यासांतून दिसले आहे. वर्गात स्वस्थ न बसणाऱ्या मुलाला गुरुजी रागावतात; पण ती चुळबुळ त्याने मुद्दाम शिकून घेतलेली नसते.

इतके वाचल्यावर पहिली म्हण जिंकली असे वाटेल. पण थोडे थांबावयास हवे.

वजनाशी संबंध असलेला एक आनुवंशिक फरक शास्त्रज्ञांना २००७ साली आढळला. ज्यांना तो आई व वडील या दोघांकडूनही मिळालेला असतो, त्यांचे वजन तो मुळीच नसलेल्यांपेक्षा सरासरीने सुमारे तीन किलोग्रॅम जास्त भरते. पुढे दोन लाखांहून अधिक प्रौढ माणसांची माहिती एकत्र करून २०११ साली पुन्हा हिशेब मांडला गेला. तेव्हा असे दिसले, की जी माणसे अंगमेहनत करतात, त्यांच्यात या फरकाचा प्रभाव सुमारे पाव हिश्श्याने कमी होतो. जन्माची देणगी पुसली जात नाही. पण तिचा जोर मात्र मेहनतीपुढे नरम पडतो.

यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. शिराळ्याच्या उत्तरेस कराड आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गावी १९२६ साली खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पहिलवान होते. तेव्हा खाण चांगली होती, यात शंका नाही. पण खाशाबांचा देह काही भीमासारखा नव्हता. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते बावन्न किलोंच्या हलक्या गटात खेळले. लाल मातीत वाढलेल्या या मल्लाला तेथील गादीवरची कुस्ती नवखी होती. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. पुढील चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकी येथे सत्तावन्न किलोंच्या गटात कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय.

पण ‘एकट्याच्या बळावर’ हे शब्दही पुरते खरे नाहीत. हेलसिंकीला जाण्यास खाशाबांजवळ पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी तर आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. वडिलांकडून आलेले रक्त, स्वतःची मेहनत आणि भोवतालच्या माणसांचा आधार, या तिहींच्या मेळातून ते पदक घडले.

म्हणजे दोन म्हणींच्या भांडणात तिसरी एक गोष्ट विसरली जात होती. ती म्हणजे परिस्थिती. ती तर मूल जन्मण्यापूर्वीच काम करू लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर माता व त्यांची बाळे यांचा अभ्यास आरंभला. तेथील बाळांचे जन्माच्या वेळचे वजन सरासरीने २.७ किलोग्रॅम भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलोग्रॅम होते. आपली बाळे तर बारीक. पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी मात्र टिकून राहिलेली! वरून बारीक दिसणारे शरीर आतून चरबीयुक्त असू शकते, आणि अशा माणसांना पुढे मधुमेहाची भीती अधिक असते. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे वजनाने चांगली असल्याचे आढळले. अतिशय कष्ट उपसणाऱ्या मातांची बाळे लहान भरली. यात बाळाची निवड कोठे आली? आणि पुष्कळदा त्या माउलीची तरी कोठे होती?

याच विचारामुळे, शरीर कमावण्याचे काम ज्याचे त्याच्यावर सोपवून भागत नाही. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तेव्हा नुसता उपदेश केला नाही. संस्थानच्या शाळांतूनच ते सुरू केले. शाळेला पटांगण असले, मुलींनाही सायंकाळी खेळण्यास मोकळीक मिळाली, तर जो तो आपोआप खेळू लागतो. पटांगण नसेल, तर नुसत्या निश्चयाला पाय फुटत नाहीत.

शिराळ्याच्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावयास नको. भाताचे बी जसे, तसे पीक, हे त्याला ठाऊक असते. पण उत्तम बी पडीक रानात टाकले तर काय उपयोग? त्याला कसदार जमीन हवी, वेळेवर पाऊस हवा, आणि शेतकऱ्याने वाकून तणही काढले पाहिजे. बी त्याच्या हाती नसते, पाऊसही नसतो. भांगलण मात्र असते. म्हणून शहाणा शेतकरी पावसाला दोष देत बांधावर बसून राहत नाही, आणि शेजाऱ्याचे पीक खुरटले म्हणून त्याला हसतही नाही.

तालीम सोडून गेलेल्या त्या मुलाची आठवण येथे झाली पाहिजे. त्याचे शरीर हा त्याचा अपराध नव्हता. रोज पळण्याने तो कदाचित इतरांइतका सडपातळ होणारही नाही. पण त्याचे हृदय बळकट होईल, दम वाढेल, झोप गाढ लागेल. व्यायामाचे हे फळ काट्यावर दिसत नाही. म्हणून ते खोटे ठरत नाही. त्याला तालमीपासून दूर नेले ते त्याच्या रक्ताने नव्हे, आळसानेही नव्हे, सोबत्यांच्या हसण्याने. आणि हसावे की हाक मारावी, ही निवड तर सर्वस्वी सोबत्यांच्या हाती होती.

अभ्यास

१. ‘खाण तशी माती’ व ‘प्रयत्नांती परमेश्वर’ या म्हणींचा अर्थ सांगा. त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत काय?
२. जुळ्या भावांवरील प्रयोगावरून कोणती गोष्ट दिसून आली?
३. खाशाबा जाधव यांच्या यशात कोणत्या तीन गोष्टींचा वाटा होता?
४. भाताच्या शेतीचे उदाहरण पाठात कशासाठी दिले आहे, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
५. तालीम सोडून गेलेल्या मुलाला परत बोलावण्यासाठी त्याच्या सोबत्याने लिहिलेले पत्र तयार करा.