पावसाच्या खंडानंतरचे कडवळ

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात तो जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. डोंगराआड राहिलेल्या अशा कोरड्या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. दाण्याने माणसाचे आणि कडब्याने जनावराचे पोट भरणारी ज्वारी येथे टिकून राहिली, यात नवल नाही. मात्र पावसात दीर्घ खंड पडला की हिरव्या चाऱ्यासाठी दाट पेरलेली ज्वारी, म्हणजे कडवळ, घातक ठरू शकते, आणि हा घात पीक सुकत असताना तर होतोच, पण ओढ संपून पुन्हा पाऊस येतो व रान हिरवे दिसून पशुपालक निर्धास्त होतो, तेव्हा तो अधिक फसवा असतो.

ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचे द्रव्य असते. पाने चावली गेली की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते, जे पेशींना रक्तातील प्राणवायू वापरूच देत नाही. पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या पिकात आणि पावसानंतर खोडाला फुटणाऱ्या पोंग्यांत हे द्रव्य विशेष साठते, युरियाची मात्रा जास्त झाल्यास त्यात भरच पडते. अशी ज्वारी खाऊन होणाऱ्या विषबाधेला पशुपालक ‘किराळ लागणे’ म्हणतात. जनावर धापा टाकते, थरथरते, कोसळते. तीव्र बाधेत काही मिनिटांतच दगावते.

ज्यांच्या दावणीला हा फटका बसला, त्यांच्या अनुभवातून रूढ झालेली शिस्त शास्त्रालाही मान्य आहे. कडवळ निम्मे फुलोऱ्यात आल्याशिवाय कापू नये, आणि कापल्यावर ते चांगले सुकवून द्यावे, कारण सुकताना विषाचा बराचसा अंश उडून जातो. अर्धवट कोमेजलेला चारा मात्र सुकलेला समजू नये. उपाशी जनावर अशा रानात सोडणे सर्वांत धोक्याचे, कारण ते अधाशीपणे खाते; म्हणून आधी कोरडा कडबा घालावा. काढणीनंतर अवकाळी पावसाने ज्वारीच्या धसकटांना आलेले फुटवेही तितकेच विषारी असतात, ही बाब मोकळ्या रानात मेंढ्या बसवणाऱ्यांच्या नजरेतून अनेकदा सुटते. लक्षणे दिसताच घरगुती काढ्यांत वेळ न दवडता पशुवैद्यकास बोलवावे. सोडियम थायोसल्फेट वेळेत शिरेतून दिले गेले, तर जनावर वाचू शकते.