पाठवलं म्हणजे पोहोचलं नव्हे

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा मी चिटणीस आहे. गेल्या वर्षी घटनादुरुस्तीसाठी बोलावलेल्या सभेला अकरा सभासद आले. गणपूर्तीला चाळीस लागतात. सभा तहकूब झाली.

दुसऱ्या दिवशी, मला चौथीत शिकवलेल्या बाई वाचनालयात आल्या. “सभा होती म्हणे काल. मला कळवलं नाहीस?” मी म्हणालो, “बाई, बारा दिवस आधी ईमेल पाठवलाय.” त्यांनी फोन माझ्या हातात दिला. इनबॉक्समध्ये काही नव्हतं. स्पॅममध्येही नव्हतं.

त्या वर्षी टपालाचा खर्च वाचवायचा म्हणून सूचना मी ईमेलने पाठवायचं ठरवलं होतं. सभासदांचे पत्ते बाहेरच्या कोणत्या कंपनीच्या हाती जाऊ नयेत, ही इच्छाही होती. म्हणून घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स आणि पोस्टफिक्स हा मेल पोहोचवणारा प्रोग्रॅम बसवून, वाचनालयाचं डोमेन जोडून, घरच्याच ब्रॉडबँडवरून मेल सर्व्हर चालू केला. चाचणी म्हणून पुण्यात भाच्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर मेल टाकला. तो लगेच पोहोचला. एका ठिकाणी पोहोचला म्हणजे सगळीकडे पोहोचेल असं मी धरून चाललो. ही माझी पहिली चूक.

बाई गेल्यावर रात्री सर्व्हरचा लॉग वाचला. १८६ सूचनांपैकी बहुतेकांपुढे ५५० या आकड्याने सुरू होणारा नकार होता : तुमचा आयपी पत्ता अडवायच्या पत्त्यांच्या यादीत आहे, मेल स्वीकारता येत नाही. काहींपुढे ४ने सुरू होणारा आकडा होता, म्हणजे ‘आत्ता नको, नंतर या’. असा मेल पोस्टफिक्स मूळ मांडणीनुसार पाच दिवस पुन्हापुन्हा पाठवून पाहतं आणि मग परत करतं. परत आलेली ही सगळी पत्रं मी ‘उत्तर पाठवू नये’ म्हणून दिलेल्या पत्त्याकडे जात होती. त्या पत्त्याची मेलपेटी मी तयारच केली नव्हती. नकार आले होते, पण ते ऐकायला कोणी नव्हतं. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

मला आधी राग आला. वाचनालयाची सूचना आणि स्पॅम यांतला फरक या मेल कंपन्यांना कळू नये? पण कारण समजून घेतल्यावर राग ओसरला. ईमेल ज्या नियमांनी चालतो तो एसएमटीपी जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली शब्दबद्ध केला. त्यात पाठवणाऱ्याचं नाव तपासायची सोय नव्हती. ‘प्रेषक’ म्हणून कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतो. जोडणी मात्र कोणत्या आयपी पत्त्यावरून आली, ते लपवता येत नाही. म्हणून पत्र उघडायच्या आधी तो पत्ता पाहिला जातो.

घरगुती पत्त्यांचा इतिहास वाईट आहे. व्हायरस शिरलेले घरचे संगणक मालकाच्या नकळत दिवसरात्र स्पॅम ओकत असत. मार्च २०११मध्ये बंद पाडलेल्या ‘रस्टॉक’ या जाळ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने दहा लाखांच्या आसपास संगणक अडकले होते. त्याआधीच, २००७ साली, स्पॅमहॉस या संस्थेने ‘पॉलिसी ब्लॉकलिस्ट’ सुरू केली होती. जिथून थेट मेल यायला नको अशा घरगुती जोडण्यांचे पत्ते तिच्यात असतात, आणि अनेकदा इंटरनेट कंपन्या स्वतःच ते कळवतात. त्या यादीत असणं म्हणजे तुम्ही काही गैर केलं असा अर्थ नाही. तुमचा पत्ता ज्या वस्तीतला आहे, त्या अख्ख्या वस्तीसाठी तो नियम असतो. शिवाय राउटर बंद करून चालू केला तर पत्ता बदलू शकतो, आणि आज तुमचा असलेला पत्ता काल दुसऱ्याच कोणाचा असू शकतो.

ज्यांना संस्थेचा, दुकानाचा किंवा स्वतःचा मेल घरून चालवायचा आहे, त्यांना माझं सांगणं असं.

बाहेर जाणारा मेल घरून थेट पाठवू नका. तो डोमेनसोबत मिळणाऱ्या किंवा विकत घेतलेल्या रिले सेवेकडे, म्हणजे आपला मेल पुढे पोहोचवणाऱ्या सर्व्हरकडे, सोपवा. पोर्ट २५ हा सर्व्हरांनी आपसात बोलायचा रस्ता आहे, आणि घरगुती जोडणीवर तो अनेकदा बंदच असतो. आपला मेल रिलेकडे द्यायचा तो ५८७ किंवा ४६५वरून, नाव आणि पासवर्ड देऊन. पोस्टफिक्समध्ये त्यासाठी ‘रिलेहोस्ट’ची ओळ भरायची आणि ते नाव-पासवर्ड नोंदवायचं. साठवण आणि वाचन घरीच ठेवता येतं. पत्ते मात्र रिलेला दिसतात. हे मला स्वीकारावं लागलं.

डोमेनच्या नोंदीत एसपीएफ लिहा, म्हणजे तुमच्या नावाने कोण मेल पाठवू शकतो ते जाहीर होतं. डीकेआयएमची सही जोडा, म्हणजे मेल तुमच्याच डोमेनचा आहे हे तपासता येतं. या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं ते सांगणारी डीमार्कची नोंदही ठेवा. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलवर पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतंच; दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात.

नुसता स्टॅटिक आयपी घेऊन भागेल असं समजू नका. त्या पत्त्यावरून तुमच्या सर्व्हरचं नाव निघालं पाहिजे आणि त्या नावावरून तोच पत्ता. यातली पहिली नोंद, रिव्हर्स डीएनएस, सहसा इंटरनेट कंपनीच करून देऊ शकते. पैसे भरण्याआधी ती करून देणार का, ते लेखी विचारा. राउटरवरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे, आणि बाहेरचा मेल थेट तुमच्या सर्व्हरपर्यंत येणारच नाही.

चाचणी एका पत्त्यावर करू नका. तुमची माणसं ज्या ज्या सेवा वापरतात, त्या प्रत्येकीवर एक पत्ता हाताशी ठेवा. पोहोचलेल्या मेलचा मूळ मजकूर उघडून एसपीएफ आणि डीकेआयएमपुढे ‘पास’ लिहिलंय का ते पाहा.

परत येणाऱ्या मेलसाठी खरी पेटी ठेवा आणि ती रोज उघडा. ज्या सूचनेवर कोणाचा हक्क अवलंबून आहे, तिच्यासाठी दुसरी वाटही ठेवा : फलक, फोन, नाहीतर पोस्टकार्ड.

तहकूब सभेची सूचना मी रिलेमार्फत पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली, तर सात मेल परत आले होते. चार पत्ते जुने झाले होते, तीन मी चुकीचे लिहून घेतले होते. सातही जणांना फोन केले. सभेला त्रेपन्न सभासद आले. सही करताना बाई म्हणाल्या, “या वेळी मिळालं हो तुझं पत्र.”

हजेरीवहीत आता प्रत्येक नावापुढे मी एक रकाना वाढवला आहे : सूचना मिळाली का?