आपल्या भंडाऱ्याच्या दोन सायकलपटू : चौथीच्या वर्गातला एक तास



'आपल्या जिल्ह्यातील खेळाडू' हा विषय वर्गात घेतला तेव्हा मुलांनी धडाधड क्रिकेटपटूंची नावे सांगितली. त्यातला एकही भंडाऱ्याचा नव्हता. मग मी फळ्यावर दोन नावे लिहिली : मयुरी लुटे आणि सुशिकला आगाशे. दोघी आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या, दोघी ट्रॅक सायकलिंग करणाऱ्या. वर्गात एकालाही माहीत नव्हत्या. खरं सांगायचं तर काही वर्षांपूर्वी मलाही नव्हत्या.

आधी सायकल समजावली. रोड शर्यत आपल्यासारख्या रस्त्यावर, कित्येक किलोमीटरची असते. ट्रॅकची शर्यत वेलोड्रोममध्ये होते. तिथली एक फेरी २५० मीटरची आणि वळणावरचा ट्रॅक भिंतीसारखा तिरपा. या सायकलीला ब्रेक नसतो, गिअर एकच. फ्रीव्हीलही नसते, म्हणून चाक फिरते तोवर पायडल फिरतच राहते. मी माझी सायकल वर्गात उलटी ठेवली, चाक फिरवले आणि थांबलेले पायडल दाखवले. "मग ते थांबतात कसे, मॅडम?" हा प्रश्न लगेच आला. पायाने पायडलवर उलटा जोर देऊन वेग कमी करतात.

महिलांच्या टीम स्प्रिंटमध्ये तिघी आणि तीन फेऱ्या. पहिली पुढे राहून वारा अंगावर घेते, बाकीच्या तिच्या मागे चिकटून. एक फेरी झाली की ती बाजूला होते, दुसरी पुढे येते. शेवटची फेरी तिसरी एकटीच मारते. हे आम्ही मैदानावर फक्कीच्या रेषा मारून धावत केले. बाजूला होताना सगळे एकमेकांवर आदळले, पण समजले.

जून २०२२ मध्ये दिल्लीच्या आशियाई ट्रॅक स्पर्धेत मयुरी, सुशिकला आणि पश्चिम बंगालची त्रियाशा पॉल यांनी टीम स्प्रिंटचे कांस्यपदक मिळवले. टाळ्या झाल्या. जुलैअखेर याच तिघी राष्ट्रकुल स्पर्धेत उतरल्या. स्पर्धा बर्मिंगहॅमची, पण ट्रॅक सायकलिंग लंडनला होते. तिथे त्या सातव्या आल्या.

हे सांगावे की नाही, यावर मी आदल्या रात्री विचार केला होता. सांगितले. वर्ग एकदम शांत झाला. मग गणित घातले. तीन फेऱ्या म्हणजे ७५० मीटर, वेळ साधारण ५१ सेकंद. ताशी ५२ किलोमीटरच्या वर! आमच्या मैदानाची फेरी १०० मीटरची. वर्गातली सर्वांत चपळ मुलगी ५१ सेकंदात दोन फेऱ्या आणि थोडे पुढे गेली. त्या तर साडेसात फेऱ्यांएवढ्या गेल्या असत्या. "एवढं पळूनही सातव्या?" एकाने विचारले. बाकीच्या किती पळत असतील, असे मी उलट विचारले.

आता पालकांसाठी. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. पण तोवर पोरीला चालवताच येत नसेल तर ती सायकल भाऊच चालवतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. शिकायचे वय तिसरी-चौथीचेच. पडली तर गुडघा खरचटतो, आठवड्यात बरा होतो.

एक आई मला म्हणाली, "मॅडम, पोरीले सायकल शिकवून का करता?" मी तिला मयुरी-सुशिकलाचे सांगितलेच नाही. शनिवारी मैदानावर या, एवढेच म्हटले. खाणीच्या ट्रकांमुळे रस्त्यावर मी शिकवत नाही. ती आली, आणि तासभर कॅरिअर धरून पोरीमागे पळत होती. पुढच्या शनिवारी आमच्याकडे चार सायकली होत्या, पैकी दोन मोठ्या माणसांच्या. सीट पार खाली करून भागवले.