संगणक प्रक्रियकांचे स्थित्यंतर : बदलाचा खर्च कोण सोसतो?

संगणकाचा प्रक्रियक, म्हणजेच प्रोसेसर, ठरावीक मूलभूत आज्ञाच समजू शकतो. या आज्ञासंचाला त्या प्रक्रियकाचे आर्किटेक्चर किंवा रचना म्हणतात. दोन कंपन्यांच्या चिपचा आज्ञासंच एकच असेल, तर एकीसाठी तयार केलेली आज्ञावली दुसरीवरही चालते. संच बदलला, तर ती नव्याने तयार करावी लागते. त्यामुळे रचनेतील बदल हा तंत्रज्ञानाइतकाच अर्थशास्त्राचाही विषय ठरतो.

इंटेल कंपनीने १९८५ मध्ये ८०३८६ हा ३२ बिटांचा प्रक्रियक आणला. ३२ बिटांच्या पत्त्याने स्मृतीतील २ चा ३२ वा घात, म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ स्थाने दर्शविता येतात. हीच ४ गिगाबाइटची सुपरिचित मर्यादा होय. त्या काळी ती अफाट वाटली. परंतु विदासंचय सांभाळणाऱ्या मोठ्या सर्व्हरना १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती अपुरी पडू लागली. ६४ बिटांकडे जाणे अटळ होते. प्रश्न मार्गाचा होता.

इंटेलने १९९४ पासून ह्युलेट-पॅकार्डच्या सहकार्याने सर्वस्वी नवी रचना विकसित केली आणि २००१ मध्ये 'इटॅनियम' बाजारात आणला. जुन्या आज्ञावल्या त्यावर चालत, परंतु संथपणे. प्रतिस्पर्धी एएमडीने २००३ मध्ये 'ऑप्टेरॉन' आणला. त्यात जुना आज्ञासंच तसाच ठेवून त्याला ६४ बिटांची जोड दिलेली होती. ग्राहकाला आज जुनी आज्ञावली पूर्ण वेगाने वापरता येई आणि नवी सवडीने घेता येई. २००४ मध्ये खुद्द इंटेलनेही हाच विस्तार आपल्या झिऑन प्रक्रियकांत स्वीकारला. इटॅनियमची शेवटची आवृत्ती २०१७ मध्ये आली आणि २०२१ मध्ये त्याचा पुरवठा थांबला.

उत्तरपत्रिकेत या घटनेचे श्रेय केवळ 'स्वस्त पर्याया'ला देणे अपुरे ठरेल. इटॅनियमच्या तांत्रिक अडचणीही होत्या. कोणत्या आज्ञा एकाच वेळी पार पाडायच्या, हे त्यात कंपायलरने आधीच ठरवायचे होते, आणि ते अपेक्षेइतके साधले नाही. तरीही निर्णायक ठरला तो स्थित्यंतराचा खर्च. आज्ञावल्या, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, चाचण्या यांत गुंतलेले भांडवल चिपच्या किमतीच्या कितीतरी पट असते, आणि ते ग्राहकाचे असते, चिप विकणाऱ्याचे नव्हे.

ॲपलने मात्र आपल्या मॅक संगणकांची रचना १९९४, २००६ आणि २०२० अशी तीनदा बदलली. यंत्र आणि कार्यप्रणाली एकाच कंपनीच्या हाती असल्याने तिला तारीख ठरविता आली. जुन्या आज्ञावल्या नव्या यंत्रावर चालविण्याची सोयही तिनेच पुरविली आणि ग्राहकाचा भार बराचसा स्वतःकडे घेतला.

भारताच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१० मध्ये 'रिस्क-फाइव्ह' या खुल्या आज्ञासंचाचे काम सुरू झाले. त्याच्या वापरासाठी परवाना शुल्क नाही. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा 'वेगा' हे प्रक्रियक त्यावर आधारलेले असून, केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये 'डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह' कार्यक्रम जाहीर केला. शुल्क वाचले म्हणजे स्थित्यंतर फुकट झाले, असे मात्र नाही. कार्यालयीन संगणकावर जुन्या आज्ञावल्यांचे ओझे मोठे असते. विजेचे मीटर, संवेदक, नियंत्रक यांसारख्या उपकरणांत ते हलके असते. देशी रचनेला प्रवेश तेथेच सुलभ आहे. इस्रोचे उदाहरण याच प्रकारचे आहे. तिच्या प्रक्षेपकांत २००९ पासून १६ बिटांचा 'विक्रम १६०१' वापरात आला, आणि मोहाली येथील सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत घडविलेला ३२ बिटांचा 'विक्रम ३२०१' मार्च २०२५ मध्ये तिच्याकडे सुपूर्द झाला. प्रक्षेपकाची आज्ञावली लिहिणारी आणि वापरणारी संस्था तेथे एकच आहे.